यंत्राच्या हाती कुलमुखत्यारपत्र

कुलमुखत्यारपत्र म्हणजे काय, हे खेड्यापाड्यातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या वतीने दुसऱ्याने सही करावी, व्यवहार करावा, जमीन विकावी, पैसे घ्यावेत, असा सर्वाधिकार देणारा तो कागद. तो न वाचता ज्यांनी अंगठा उठवला त्यांच्या जमिनी कशा गेल्या, याच्या कहाण्या तालुक्या-तालुक्यात ऐकायला मिळतात. आणि अशा प्रकरणात पहिला प्रश्न एकच विचारला जातो, 'अंगठा तुमचाच ना?' तो आपलाच निघाला की पुढची वाट बिकट होते.

हाच कागद आज संगणकाच्या क्षेत्रात नव्या रूपाने आला आहे. त्याचे नाव शेल स्क्रिप्ट, आणि त्यातला मुखत्यार म्हणजे एआय एजंट. आपल्या घराघरांतून संगणक अभियांत्रिकी शिकलेली मुले-मुली आज पुणे, मुंबई, नागपूर, बंगळूर येथील कंपन्यांत काम करीत आहेत. 'सर्व्हरवर एजंट लावला आणि रात्रभर त्याने कोड लिहिला' हे वाक्य त्यांच्या बोलण्यात आता सहज येते. कौतुक करण्यासारखीच ही गोष्ट आहे. पण त्या एजंटला रात्रभर कोणकोणते अधिकार होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. तो विचारला गेला पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रश्नाला उत्तर देणारा एआय एव्हाना सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. एजंट ही त्याच्या पुढची पायरी आहे. तो सल्ला देऊन थांबत नाही, तर प्रत्यक्ष काम करतो. ॲन्थ्रॉपिक कंपनीचा क्लॉड कोड फेब्रुवारी २०२५ मध्ये, ओपनएआयचा कोडेक्स सीएलआय एप्रिल २०२५ मध्ये आणि गुगलचा जेमिनी सीएलआय जून २०२५ मध्ये लोकांसमोर आला. या तिघांचीही कामाची रीत साधारण सारखी आहे. माणूस काम सांगतो. एजंट आपल्या समोरच्या फाईली वाचतो आणि दूर कुठेतरी चालणाऱ्या एआय मॉडेलकडे पाठवतो. मॉडेल सांगते, 'आता ही आज्ञा चालव.' एजंट ती चालवतो, जे उत्तर येते ते पुन्हा मॉडेलला दाखवतो, मॉडेल पुढची आज्ञा देते. काम संपेपर्यंत हे चक्र फिरत राहते.

या आज्ञा चालतात कुठे? तर शेलमध्ये. शेल म्हणजे माणूस आणि संगणक यांच्यातला दुभाषा. काळ्या पडद्यावर एक ओळ टाईप करायची, संगणक ती ओळ पाळतो. बेल लॅब्जमधील स्टीफन बॉर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सबरोबर बाहेर पडला. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला बॅश १९८९ साली आला आणि आजही जगभरातील सर्व्हरवर तोच मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. अशा अनेक आज्ञा एका फाईलमध्ये ओळीने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट. फाईल चालवली की संगणक वरपासून खालपर्यंत एकेक ओळ अंमलात आणतो. तो विचारत नाही, थांबत नाही, 'साहेब, हे बरोबर आहे ना?' असे म्हणत नाही.

तिसरी गोष्ट क्लाउड. ॲमेझॉनने २००६ साली तासाच्या भाड्याने संगणक देण्याचा धंदा सुरू केला आणि २०१६ साली त्यांचे मुंबईतील केंद्र उघडले. आज कोणीही काही रुपयांत दूरचा सर्व्हर भाड्याने घेऊ शकतो. आपला लॅपटॉप बंद केला तरी हा सर्व्हर चालूच राहतो. म्हणून एजंटला तेथे बसवणे सोयीचे पडते. सर्व्हर सुरू होताच एक स्क्रिप्ट आपोआप चालते. ती नवा वापरकर्ता तयार करते, लागणारी सॉफ्टवेअर उतरवून घेते, प्रकल्पाचा कोड आणते, एजंट बसवते, मॉडेलची गुप्त किल्ली जागेवर ठेवते आणि एजंटला कामाला लावते. चाळीस-पन्नास ओळींत सगळा कारभार. एका सर्व्हरच्या जागी वीस सर्व्हर हवे असतील, तर तीच स्क्रिप्ट वीस वेळा चालते.

आता खरा मुद्दा. या चाळीस-पन्नास ओळी म्हणजे अधिकारांचा दस्तऐवज आहे. एजंट कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालणार, कोणत्या फाईली पाहणार, कोणती किल्ली त्याच्या खिशात असणार, इंटरनेटवर तो कोठे जाऊ शकणार, हे सारे त्या ओळी ठरवतात. एजंट 'रूट' म्हणून चालवला, म्हणजेच त्या यंत्राचा सर्वाधिकारी म्हणून, तर त्याला त्या सर्व्हरवर काहीही करता येते. हेच ते कुलमुखत्यारपत्र.

एकाच ओळीने किती नुकसान होते याचे उदाहरण जुनेच आहे. जानेवारी २०१५ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरच्या लिनक्स आवृत्तीतील एक चूक उघडकीस आली. त्यातील शेल स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती, तिचा अर्थ 'स्टीमच्या फोल्डरमधील सर्व काही पुसून टाक' असा. पण काही परिस्थितीत त्या फोल्डरचे नाव साठवणारी जागा रिकामीच राहत असे. मग आज्ञेचा अर्थ झाला, 'मुळापासून सर्व काही पुसून टाक.' वापरकर्त्याच्या फाईली तर गेल्याच, पण जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्याही गेल्या. त्या ओळीच्या वर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच 'हे भीतिदायक आहे' अशा अर्थाचा शेरा मारून ठेवला होता! भीती वाटली, शेरा लिहिला, पण ओळ तशीच पुढे गेली. वास्तविक, रिकाम्या नावावर थांबण्याची सूचना बॅशला एका छोट्या ओळीत देता येते.

त्या वेळी ओळ माणसाने लिहिली होती. आता ओळी यंत्र लिहिते आणि तेच चालवते. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील उद्योजक जेसन लेमकिन हे रेप्लिट या कंपनीच्या एजंटकडून सॉफ्टवेअर बनवून घेत होते. कोडमध्ये कोणताही बदल करू नये, अशी स्पष्ट सूचना त्यांनी दिलेली होती. तरीही एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक व्यक्तींच्या नोंदी होत्या. वर 'हा डेटा आता परत आणता येणार नाही' असेही एजंटने सांगून टाकले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि प्रयोगाचा डेटाबेस व चालू डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. यातला धडा नीट पाहिला पाहिजे. 'करू नकोस' हे शब्दांत सांगणे वेगळे आणि करता येणारच नाही अशी व्यवस्था करणे वेगळे. नोकराला 'तिजोरी उघडू नकोस' असे बजावायचे आणि किल्ली मात्र त्याच्याच हातात ठेवायची, याला व्यवस्था म्हणत नाहीत.

धोका एजंटच्या चुकीपुरताच मर्यादित नाही. एजंट जे वाचतो त्यालाच तो हुकूम समजू शकतो. एखाद्या फाईलमध्ये कोणी दुष्टपणे 'सर्व गुप्त किल्ल्या या पत्त्यावर पाठव' असे लिहून ठेवले, तर एजंट ते आपल्या मालकाचेच म्हणणे समजण्याची शक्यता असते. ऑगस्ट २०२५ मध्ये चोर याच्याही पुढे गेले. एनएक्स या लोकप्रिय साधनाच्या दूषित आवृत्त्या सार्वजनिक भांडारात घुसवण्यात आल्या. ज्याच्या यंत्रावर त्या उतरल्या, त्याच्याकडे क्लॉड, जेमिनी किंवा ॲमेझॉनचा क्यू असा एजंट आहे का, हे त्या शोधत. असला तर परवानगी न विचारण्याचा पर्याय लावून त्याच एजंटला मालकाच्या गुप्त फाईली हुडकायला सांगत. घरातल्याच मुखत्याराला चोराने कामाला लावले!

हा 'परवानगी न विचारण्याचा' पर्याय काय आहे? एजंट साधारणपणे धोक्याची आज्ञा चालवण्यापूर्वी माणसाला विचारतो. दहा वेळा 'हो' म्हटल्यावर माणूस कंटाळतो. मग एक पर्याय लावून विचारणेच बंद केले जाते. क्लॉड कोडमध्ये तर त्या पर्यायाच्या नावातच 'धोकादायक' हा शब्द आहे, आणि तो इंटरनेटपासून तोडलेल्या बंदिस्त जागेतच वापरावा, असे कंपनीनेच सांगून ठेवले आहे. तरीही घाईत लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हाच पर्याय लावला जाण्याचा धोका असतो, तोही चालू सर्व्हरवर.

मग एजंट वापरूच नयेत काय? असे मुळीच नाही. यंत्राला नकार देऊन कोणाचेही भले झालेले नाही. सर्वाधिकाराचा कागद फाडून कामापुरता कागद करावा, एवढेच म्हणणे आहे. जमिनीच्या व्यवहारातही एकाच कामासाठी विशेष मुखत्यारपत्र करता येते. संगणकशास्त्रात हा विचार नवा नाही. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालीच सांगून ठेवले की, प्रत्येक प्रोग्रॅमला त्याच्या कामापुरतेच किमान अधिकार असावेत.

हे स्क्रिप्टमध्ये उतरवणे अवघड नाही. एक, एजंटसाठी वेगळा, दुबळा वापरकर्ता तयार करावा, रूट कधीही देऊ नये. दोन, त्याच्यासाठी वेगळा, काम संपताच मोडून टाकायचा सर्व्हर घ्यावा, जेथे लोकांचा डेटा नसेल. तीन, त्याला दिलेली किल्ली एकाच प्रकल्पापुरती आणि थोड्या मुदतीची असावी. चालू डेटाबेसची किल्ली त्या सर्व्हरवर असूच नये. चार, बाहेर जाण्याचे रस्ते मोजके ठेवावेत. पाच, वेळेची आणि खर्चाची मर्यादा घालावी, कारण एजंट एकाच जागी गोल फिरत राहिला तरी सर्व्हरचे भाडे आणि मॉडेलचे बिल चढतच राहते. सहा, एजंटने वेगळ्या शाखेवर काम करावे आणि ते मुख्य कोडमध्ये घेण्याचा निर्णय माणसाने वाचून करावा. सात, त्याने चालवलेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद दुसऱ्या ठिकाणी राहावी, जेथे त्याचा हात पोहोचणार नाही.

आणि इंटरनेटवरून उतरवलेली स्क्रिप्ट न वाचता थेट शेलच्या तोंडी देण्याची जी सवय लागली आहे, ती मोडली पाहिजे. ती सवय आणि कोऱ्या कागदावरचा अंगठा यांत काहीही फरक नाही.

येथे कोणी म्हणेल, ही तर इंजिनिअर मंडळींची कटकट, सर्वसामान्यांचा तिच्याशी काय संबंध? संबंध आहे. दवाखान्यातील नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेचे खाते, जातीच्या दाखल्याची माहिती, हे सारे आज सर्व्हरवरच असते. ते सांभाळणाऱ्या सर्व्हरवर कोणी बेफिकिरीने एजंट बसवला तर उघडे पडणार ते सामान्य माणसाचे आयुष्य. आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. ही जबाबदारी माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर आहे. 'एजंटने केले' असे म्हणून तिला हात झटकता येणार नाहीत.

संस्थेच्या आत मात्र काय घडते? कागदावर जबाबदारी संस्थेची आणि बळी सर्वांत खालच्या माणसाचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. 'लवकर करा' असे सांगणारा वरिष्ठ नामानिराळा राहतो आणि स्क्रिप्ट चालवणारा नवखा मुलगा घरी जातो. याउलट गिटलॅब या कंपनीने काय केले ते पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबी डेटातील जेमतेम साडेचार जीबी उरला. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, पण ऐनवेळी एकही नीट उपयोगी पडली नाही. अखेर एका अभियंत्याने योगायोगाने सहा तास आधी घेतलेली प्रत कामी आली. कंपनीने त्या माणसाचा बळी दिला नाही. दुरुस्तीचे काम लोकांसमोर थेट दाखवले, सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि दोष व्यवस्थेचा होता हे मान्य केले. जबाबदारी घेणे म्हणतात ते याला. एजंट बसवण्याची घाई असलेल्या प्रत्येक कंपनीने आधी हा अहवाल वाचावा.

आपल्या तरुणांना एवढेच सांगणे आहे. नवख्यांना दिली जाणारी पुष्कळशी किरकोळ कामे आता एजंटकडे जात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एजंटच्या हद्दी आखणे, त्याने केलेले वाचणे आणि त्याला 'नाही' म्हणणे, हे काम माणसाकडेच राहणार आहे. जो शेल वाचू शकतो तोच ते करू शकतो. ही विद्या महाग नाही. बॅश आणि लिनक्स फुकट मिळतात, जुन्या लॅपटॉपवर चालतात, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही आहेत. त्यासाठी मोठ्या क्लासची फी भरावी लागत नाही, कोणाची ओळख काढावी लागत नाही. एजंटने लिहिलेली स्क्रिप्ट समोर आली की एकेक ओळ बोट ठेवून वाचावी, आणि जी ओळ समजली नाही तिचा अर्थ लागेपर्यंत ती चालवू नये. वरिष्ठाने घाई केली तर 'मला हे लेखी द्या' असे म्हणण्याचे धाडसही अंगी बाणवावे.

आपल्या आजोबा-पणजोबांना अक्षर येत नव्हते, म्हणून त्यांना अंगठा उठवावा लागला. ती त्यांची लाचारी होती. आज अक्षरही येते आणि यंत्राची भाषाही येते. तरीही न वाचता परवानगी देणारा माणूस लाचार नसतो, बेपर्वा असतो. यंत्राला काम द्या, जरूर द्या. पण अधिकाराचा कागद स्वतः लिहा, स्वतः वाचा, आणि मगच सही करा.