अशिलाचे गुपित आणि घरातला राउटर

अत्याचाराच्या प्रकरणातला फिर्यादी आमच्याकडे येतो तेव्हा तो नुसते कागद घेऊन येत नाही, आपल्या अख्ख्या वस्तीचा जीव आमच्या हवाली करतो. साक्षीदार कोण, ते कुठे राहतात, कुणावर गावाचा दबाव आहे, हे सारे आज कपाटात नव्हे, आमच्या संगणकात असते. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेले कलम १५-अ पीडित व साक्षीदारांच्या संरक्षणाची जबाबदारी शासनावर टाकते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ चे कलम १३२ अशिलाचे गुपित राखण्याचे बंधन वकिलावर घालते. मात्र नांदेड-लातूरच्या आम्हा वकिलांपैकी कितीजणांनी आपला राउटर कधी तपासला आहे?

हा प्रश्न हवेतला नाही. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मध्ये बचाव पक्षासाठी दिलेल्या अहवालात म्हटले की, ईमेलमधून आलेल्या नेटवायर या घुसखोर सॉफ्टवेअरच्या आधारे त्यांच्या संगणकात बाहेरून कागदपत्रे पेरली गेली. तपास यंत्रणेला हे मान्य नाही. त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु ज्याच्या घरात अशिलांचे कागद आहेत, त्याने हे वाचून स्वस्थ कसे झोपावे?

म्हणून आम्ही घरीच प्रयोग केला. ओपीएनसेन्स ही फायरवॉल पीएफसेन्स या प्रकल्पातून वेगळी होऊन २०१५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. ती फुकट मिळते. एका जुन्या संगणकात नेटवर्कची तीन कार्डे घातली : एक बाहेरच्या जोडणीसाठी, दुसरे कार्यालयाच्या संगणकासाठी, तिसरे मुलांचे मोबाईल, टीव्ही आणि कॅमेरा यांच्यासाठी. पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोन तारांची अदलाबदल केली आणि सारे घर इंटरनेटवाचून बसले! लातूरच्या एका वकील मित्राने हाच खटाटोप आधी केला होता. त्याने फोनवरून चूक दाखवली. आता घरातला एखादा मोबाईल बिघडला, तरी तिथून अशिलांच्या कागदांपर्यंत थेट वाट नाही. नोंदवही उघडली तर दिसले की, कुणी पाहत नसतानाही टीव्ही बाहेरच्या सर्व्हरशी बोलत होता.

पण समाजबांधवांनी भाबडे राहू नये. फायरवॉल बाहेरून न बोलावता येणाऱ्याला अडवते. आतून बाहेर जाणाऱ्याला मात्र, वेगळा नियम केला नाही तर, सहसा जाऊ देते. ईमेलची जोडफाईल उघडून घुसखोराला आत घेणारे आपणच असतो, आणि तो मग नेहमीच्याच वाटेने बाहेर निरोप पाठवतो. म्हणून कार्यालयाच्या संगणकाला आम्ही गरजेपुरत्याच वाटा मोकळ्या ठेवल्या, आणि अनोळखी जोडफाईल न उघडण्याचा नियम स्वतःलाही लावला.

तथागतांनी आपल्या धम्माला एहिपस्सिको म्हटले : या आणि स्वतः पाहा. या सॉफ्टवेअरचा मूळ कोड सर्वांसाठी खुला आहे. आम्हाला तो वाचता येत नाही. पण ज्याला येतो तो तपासू शकतो, विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

आणि वाचू शकणारे आपल्यात आहेत. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत आणि लातूरच्या महाविद्यालयांत आपली मुले संगणकशास्त्र शिकतात. एका रविवारी विहारात वंदनेनंतर त्यांनी दोन तास वकिलांना आणि कार्यकर्त्यांना बसवून शिकवावे. फायरवॉल नंतर जमेल. पहिल्या दिवशी राउटरचा विकत आणल्यापासून तसाच असलेला पासवर्ड बदलला, तरी पुष्कळ झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. संविधानाने दिलेला हा हक्क अशिलाच्या पदरात पडायचा असेल, तर सुरुवात आम्हा वकिलांच्या घरातूनच झाली पाहिजे.

जय भीम!