करकंबमध्ये समुद्र मांडायचा तर?

फांद्याफांद्यांचं प्रवाळ पाहिलंत, तर तुम्ही पैज लावाल की हे झाडच आहे. पैज हराल! तो प्राणी आहे. खरं तर एक नाही, शेकडो. प्रत्येक फांदीवर इवलेइवले जीव दाटीवाटीनं बसलेले असतात. त्यांना पॉलिप म्हणतात. प्रत्येकाला एक तोंड, आणि तोंडाभोवती भक्ष्य पकडायला मऊ शुंडकं. हे पॉलिप पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम घेतात आणि त्यातून चुनखडीचा कडक सांगाडा बांधतात. पाण्यातून दगड!

जगात बरेच हौशी लोक असं प्रवाळ घरी काचेच्या टाकीत वाढवतात. समजा, आपण सोलापूर जिल्ह्यातल्या करकंबमध्ये अशी टाकी मांडायची ठरवली. समुद्र इथून दोनशे किलोमीटरांहून दूर, म्हणजे तो घरीच तयार करायला हवा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटरच्या टाकीला किती लागतील? साडेतीन किलो! आणि स्वयंपाकघरातलं मीठ चालणार नाही, कारण समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. बोअरचं पाणीही तसंच ओतायचं नाही. शेतातल्या खतांचं नायट्रेट त्यात झिरपलेलं असलं, तर टाकीत शेवाळ माजतं.

आता एक कोडं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून कमी झालं. भर कशाची घालाल, खाऱ्या पाण्याची की गोड्या? गोड्या! वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार टाकीतच राहतात.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे आपला मे महिना. बाहेर पारा चाळिशीपार, आणि प्रवाळाला हवं 24 ते 27 अंशांचं पाणी. त्यात लाइट गेली की पाणी गार ठेवणारं यंत्र बंद, पाणी हलवणारा पंपही बंद.

एवढं जपायचं कशासाठी? पॉलिपच्या अंगात सूक्ष्म शैवालं राहतात. उजेड मिळाला की ती अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतात. पाणी फार तापलं की ही जोडी फुटते. शैवालं निघून जातात, प्रवाळ पांढरंफटक पडतं आणि तसंच राहिलं तर उपासमारीनं मरतं. तापलेल्या समुद्रात 1998 साली आणि 2016 साली जगभर हेच झालं.

मग टाकीसाठी प्रवाळ समुद्रातूनच आणायचं का? नाही! भारतात समुद्रातलं प्रवाळ तोडून घरी आणायला कायद्यानं बंदी आहे. 2001 साली त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीत! मला हे फार योग्य वाटतं.

लागवड मात्र होते, आणि ती समुद्रातच. तमिळनाडूत तुतिकोरिनचे संशोधक मन्नारच्या आखातात फांदीदार प्रवाळाचे तुकडे सिमेंटच्या चौकटींवर बांधून पाण्याखाली ठेवतात. तुमच्या शिवारात उसाचं बेणं लावतात ना, तसंच. बी नको, तुकड्यातूनच नवी वसाहत वाढते.

आणि महाराष्ट्रात? मालवणच्या समुद्रात प्रवाळं आहेत. शिवाय विजयदुर्गच्या पश्चिमेला, भर समुद्रात सुमारे शंभर किलोमीटर आत, पाण्याखाली एक मोठं पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. आजूबाजूचा समुद्र खूप खोल, पण पठाराचा माथा मात्र पृष्ठभागापासून वीसेक मीटरच खाली. तिथवर सूर्यप्रकाश पोचतो, शैवालांचं काम चालतं आणि म्हणून किनाऱ्यापासून इतक्या दूरही प्रवाळं वाढतात.