पाचातलं एक गेलं तर

दुपारी ३
रात्री चेंज, म्हणजे यंत्रणेत ठरवून करायचा बदल, असला की माझा दिवस दुपारी सुरू होतो. ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये पोचल्यावर आधी सकाळपाळीकडून चार्ज: चालू अलार्म, उघडी तिकिटं, कोअर स्विचची तब्येत. आज त्याच्या पाच फॅब्रिक मॉड्यूलपैकी एक मुद्दाम काढायचं आहे.

दुपारी ४
आमच्या कोअर स्विचचं चॅसिस नेक्सस ७०१०. एका कार्डावर आलेलं पॅकेट दुसऱ्या कार्डावर जातं ते मागच्या फॅब्रिकमधून. दुसऱ्या पिढीचं एक फॅब्रिक प्रत्येक स्लॉटला सेकंदाला ११० गिगाबिट देतं, पाचांचे ५५०. दहा-गिगाबिटच्या ४८ पोर्टांचं कार्ड पूर्ण भरलं तर त्याला ४८० लागतात. एक फॅब्रिक गेलं की उरतात ४४०. म्हणजे पाचवं मॉड्यूल जादा आहे की गरजेचं, हे कार्डावरचा भार ठरवतो.

संध्याकाळी ६
एका ग्राहकाला आणखी बारा पोर्ट हवेत.
“सर, स्लॉट चारमध्ये मोकळे आहेत, देऊन टाकू?” नवी सहकारी विचारते.
“तिथला गर्दीच्या वेळचा आकडा बघ.”
“२८०. बारा पोर्टांचे १२० धरले तर ४००. ४४०मध्ये बसतात की!”
“आपली मर्यादा ४४०च्या ८० टक्के, ३५२. ग्राफ पाच मिनिटांची सरासरी दाखवतो, क्षणभराचा लोंढा त्यात दिसत नाही. स्लॉट सातमध्ये दे.”

रात्री ९
ट्रॅफिक चढतो. प्रत्येक स्लॉटचा आकडा टिपून घेतो. या कार्डांत बाहेर जाणारं पोर्ट तुंबलं की पॅकेट आत येणाऱ्या पोर्टच्या रांगेत अडतं, म्हणून गळती शोधायची ती इनपुट डिस्कार्डमध्ये, म्हणजे आत येतानाच टाकून दिलेल्या पॅकेटांच्या मोजणीत.

रात्री १
मॉड्यूल आधी कमांडने बंद, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा, मग हळूच बाहेर. डिस्कार्डचे आकडे जागचे हलत नाहीत. परत बसवण्याआधी टॉर्च मारून कनेक्टरच्या पिना बघतो. एक जरी वाकलेली असेल तर जोर लावायचा नाही.

रात्री २:३०
अहवाल. मध्यरात्री ट्रॅफिक थोडा असतो, त्यामुळे चालू स्विचमधून मॉड्यूल काढता-घालता येतं एवढंच आज सिद्ध झालं. तेच रात्री नऊला गेलं तर काय, याचं उत्तर नऊला टिपलेल्या आकड्यांतच आहे. स्लॉट दोन ३५२च्या वर गेलाय. त्यावरचे पोर्ट हलवायचा चेंज टाकतो आणि तो होईपर्यंत तिथे नवं पोर्ट द्यायचं नाही, असं ठळक लिहितो.