ड्रोनची परीक्षा वाऱ्याच्या बोगद्यात

निपाणीहून बेळगावकडे निघालं की तवंदी घाटात मोटारसायकलवाले हँडल घट्ट धरतात. तिथला वारा सरळ येत नाही, धक्के देत येतो. माणूस तोल सावरतो. दोन-तीन किलोच्या ड्रोनने काय करावं?

याच महामार्गावर पुढे हत्तरगीत विमानांचे सुटे भाग बनतात, आणि बंगळूर गाठलं की राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचा विंड टनेल आहे. १९६७ पासून चालू असलेल्या या बोगद्याचा चाचणीकक्ष जेमतेम १.२ मीटर चौरस, पण त्यातला वारा आवाजाच्या चौपट वेगापर्यंत जातो. तेजस आणि इस्रोचे अग्निबाण आधी इथे, छोट्या प्रतिकृतींच्या रूपात, तपासले गेले.

तत्त्व सोपं आहे: विमान जागेवर बांधायचं आणि वारा त्याच्या अंगावर सोडायचा. ज्या काट्यावर ते बसवतात, तो मात्र निपाणीच्या वखारीतल्या काट्यासारखा फक्त वजन सांगून थांबत नाही. उचल किती, मागे ओढ किती, बाजूला रेटा किती, शिवाय नाक वर-खाली होतं का, पंख कलतात का, शेपटी फिरते का, अशी सहा मापं तो एकदम देतो. राइट बंधूंनी १९०१ मध्ये घरगुती लाकडी पेटीत पंखांचे सुमारे दोनशे आकार तपासले, तेव्हाचा त्यांचा काटा सायकलच्या आऱ्यांचा आणि करवतीच्या पात्यांचा होता!

ड्रोनचं एक सुख म्हणजे प्रतिकृती लागत नाही, अख्खं यंत्रच आत मावतं. पाचपट लहान प्रतिकृतीला तशाच हवेत पाचपट वेगाचा वारा द्यावा लागतो, तरच हिशेब जुळतो. कारण लहान पंखाला तीच हवा जास्त चिकट लागते. ड्रोनच्या बाबतीत ही कसरत टळते. अडचण वेगळीच. चार पंख्यांनी खाली ढकललेली हवा भिंतींवर आपटून परत येते आणि मापं बिघडवते. शिवाय बोगद्यातला वारा एकसारखा, घाटातला लहरी. म्हणून अमेरिकेत कॅलटेकने २०१७ मध्ये १,२९६ पंख्यांची भिंतच उभारली. प्रत्येक पंख्याचा वेग वेगळा ठेवता येतो, त्यामुळे झुळूकही निघते आणि झोतही.

तरीही काही गोष्टी कोणत्याच बोगद्यात दिसत नाहीत. १६ नोव्हेंबर २००९ रोजी होसूरजवळ डीआरडीओचं मानवरहित ‘रुस्तम-१’ पहिल्यांदा उडालं. धाव नीट, उड्डाण नीट. उतरताना उंचीचा अंदाज चुकला, इंजिन वेळेआधी बंद केलं गेलं आणि यान कोसळलं. पुढच्या ऑक्टोबरात मात्र ते उडालं आणि धावपट्टीवर सुखरूप टेकलं.