नळाच्या पाण्याचें रक्षण

पाण्यांत विष कालविलें जाण्याची भीति नगरांइतकीच जुनी आहे. ग्रीस देशांत डेल्फाय येथील देवस्थानाजवळ किऱ्हा नांवाचें एक गांव होतें. ख्रिस्तपूर्व ५९० च्या सुमारास त्याला वेढा पडला. वेढा घालणाऱ्यांनीं गांवांत जाणाऱ्या पाण्यांत हेलेबोर या विषारी वनस्पतीचीं मुळें टाकलीं, तीं उतरलेलें पाणी तहानेल्या लोकांनीं पोटभर प्यालें आणि जुलाबानें हैराण झालेले पहारेकरी तट सोडून गेले, अशी कथा आहे. ही युक्ति कोणी सोलनच्या नांवावर घालतात, कोणी क्लाइस्थेनीसच्या. तिचा मान घेण्यासारखा आहे कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. भारतांत कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही शत्रूचें पाणी नासविण्याचा विचार आलेला आहे.

या कथांची छाया अजून शहरवासीयांच्या मनावर आहे. पाण्याच्या घातपाताची नुसती कुणकुण लागली कीं रात्रीच्या अंधारांत तलावाच्या कांठीं पोतें रिकामें करणारा कोणी अनोळखी इसम डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु येथें थोडें गणित मांडून पाहावें. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांमध्यें तुळशी हा सर्वांत लहान. १८७९ सालीं पुरा झालेला हा तलाव तुडुंब भरला म्हणजे त्यांत सुमारें ८०० कोटि लिटर पाणी मावतें. दहा हजार लिटरांचा एक टँकर त्यांत ओतला, तर त्यांतील द्रव्याचा पाण्याच्या आठ लाख भागांस एक भाग होतो. भातसाचा जलाशय तर तुळशीच्या जवळजवळ नव्वद पट मोठा आहे. किऱ्हाचा ओहोळ आणि महानगराचा तलाव यांत हेंच मोठें अंतर आहे.

शिवाय तलावांतलें पाणी तसेंच्या तसें कोणाच्या पेल्यांत पडत नाहीं. मुंबईच्या पाण्याचा मोठा भाग भांडुप येथील शुद्धीकरण केंद्रांतून जातो. तेथें तुरटीसारख्या द्रव्यानें गढूळपणा खालीं बसवितात, मग पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटीं त्यांत क्लोरीन सोडतात. शुद्ध झालेलें पाणी झांकलेल्या टांक्यांत साठवितात. मलबार टेकडीवरच्या ज्या बागेंत लोक मुलांना घेऊन फिरावयास जातात, ती बाग अशाच एका टांकीच्या छपरावर आहे, हें फिरणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या ध्यानींही नसतें.

क्लोरीनचें काम येथेंच संपत नाहीं. पाणी घरच्या नळापर्यंत पोंचेल तेव्हांही लिटरमागें निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन त्यांत शिल्लक असावा, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. हा शिल्लक क्लोरीन एकाच वेळीं शिपाईही असतो आणि हेरही. वाटेंत कोठें घाण शिरली, तर तिच्याशीं झुंजतांना तो खर्ची पडतो. आणि काल होता तो क्लोरीन आज नळाला दिसत नाहीं, म्हणजे मध्यें कांहीं तरी बिघडलें आहे, अशी खूणही पटते. सर्वच विषांवर क्लोरीनचा इलाज चालत नाहीं, हें खरें. म्हणून नमुने घेऊन प्रयोगशाळेंत तपासणें भाग असतें, आणि तें काम रोज, पाऊस असो वा सण असो, चुकतां कामा नये.

दुसरा तट म्हणजे दाब. नळांत पाणी जोरानें भरलेलें असेल, तर फट पडली तरी पाणी बाहेर येतें, बाहेरचें आंत शिरत नाहीं. भारतांतील बहुतेक शहरांत पाणी दिवसांतून कांहीं तासच येतें. पुरवठा बंद झाला कीं नळ रिकामे होतात आणि शेजारच्या गटाराची ओल त्यांत झिरपते. येथें कोणा शत्रूची गरजच उरत नाहीं. गरज नसते याचा सर्वांत मोठा दाखला अमेरिकेंतला आहे. १९९३ सालीं मिलवॉकी शहरांत गाळणीच्या कामांत उणीव राहिली, क्रिप्टोस्पोरिडियम नांवाचा सूक्ष्म जंतु पार झाला आणि सुमारें चार लाख लोक आजारी पडले. या जंतूला क्लोरीन फारसा बाधत नाहीं. त्याला अडवायची ती गाळणीनेंच. इतका अनर्थ घडला आणि त्याच्यामागें घातपात करणारा कोणीही नव्हता.

मात्र विषापेक्षांही विषाच्या अफवेनें अधिक माणसें मारलीं आहेत, हा इतिहास विसरण्याजोगा नाहीं. १३४८ सालीं युरोपांत प्लेगनें थैमान घातलें. ज्यूंनीं विहिरींत विष टाकलें, अशी आवई उठली. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले, ते गांवोगांव धाडले गेले, आणि १४ फेब्रुवारी १३४९ रोजीं स्ट्रासबुर्ग शहरांत शेंकडों ज्यूंना जाळण्यांत आलें. ज्यूही त्याच रोगानें मरत आहेत, असें पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्येंच बजावलें होतें. पण ऐकतो कोण? रोगाचा जंतु सांपडावयास १८९४ साल उजाडावें लागलें. पाणी-खात्यानें रोजच्या तपासणीचे आंकडे खरेपणानें आणि वेळेवर जाहीर करणें, ही एरवीं रुक्ष वाटणारी गोष्ट अशा वेळीं जीव वाचविणारी ठरते. ज्या गांवाला आपल्या पाण्याची खरी स्थिति ठाऊक आहे, तेथें आवईला लवकर पाय फुटत नाहींत.

गेल्या पाव शतकांत या रक्षणाला एक नवी बाजू आली. पूर्वीं पंप चालू करावयास माणूस पंपापाशीं जात असे. आतां संगणकावरून हुकूम सुटतो आणि दूरची झडप उघडते. ऑस्ट्रेलियांत क्वीन्सलंड प्रांतांतील मारूची येथें २००० सालीं नोकरी नाकारली गेलेल्या एका माजी कंत्राटी तंत्रज्ञानें रेडिओ-यंत्राच्या साहाय्यानें सांडपाण्याच्या पंपांना खोटे हुकूम दिले. सुमारें आठ लाख लिटर मैलापाणी बागांत आणि ओढ्यांत पसरलें. त्याला दोन वर्षांची कैद झाली. तो परका नव्हता, व्यवस्थेचा माहितगार होता. कोट कितीही उंच बांधला तरी आंतल्या माणसाचा राग त्यानें अडत नाहीं.

फ्लॉरिडांतील ओल्ड्स्मार या लहान गांवीं ५ फेब्रुवारी २०२१ रोजीं घडलेला प्रकार अधिक विचार करावयास लावणारा आहे. पाण्यांत सोडावयाच्या कॉस्टिक सोड्याचें प्रमाण पडद्यावर दशलक्ष भागांस १०० वरून ११,१०० झालेलें तेथील कर्मचाऱ्यानें पाहिलें आणि लगेच पूर्ववत् केलें. पाण्यावर परिणाम झाला नाहीं. हा बाहेरच्याचा हल्ला म्हणून जगभर गाजला. पुढें तो कर्मचाऱ्याच्याच हातून घडलेला प्रमाद असावा, अशी शंका पुढें आली. पण गांव वांचलें तें कोणीतरी पडद्याकडे लक्ष देऊन बसला होता म्हणून, आणि हल्ला असो वा प्रमाद, त्याची किंमत तेवढीच राहते. २०२३ च्या नोव्हेंबरांत पेनसिल्व्हेनियांतील अलिक्विपा येथें पाण्याचा दाब राखणारें एक यंत्र खरोखरच परक्या हातांत गेलें. तेथील कामगारांनीं तें बाजूला सारून पंप हातानें चालविले आणि पुरवठा चालू राहिला. कारखान्यांतून येणारा परवलीचा शब्द बदलावा आणि असें यंत्र उघड्या जाळ्यावर ठेवूं नये, असा इशारा त्यानंतर अमेरिकन सरकारनें दिला. घराला नवें कुलूप लावून किल्ली दारांतच टांगून ठेवण्यासारखा हा दोष होता. आणि हातानें पंप चालवितां येणारा माणूस पगारावर ठेवणें हा खर्च वायफळ नव्हे, हेंही त्याच दिवशीं दिसून आलें.

उरतो तो लांबलचक नळ. तो उघड्या रानांतून जातो आणि त्याच्या प्रत्येक हातावर पहारा बसवितां येत नाहीं. रोमन लोकांना हा प्रश्न पुरता ठाऊक होता. ख्रिस्तपूर्व ११ मध्यें त्यांनीं जलमार्गाच्या दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा फूट जागा मोकळी ठेवण्याचा नियम केला. ख्रिस्तपूर्व ९ च्या कायद्यानें जाणूनबुजून जलमार्ग फोडणाऱ्यास एक लाख सेस्टर्स दंड सांगितला. इ. स. ९७ मध्यें फ्रॉन्टिनस हा रोमचा जलाधिकारी झाला. त्याला शहरांत शत्रूनें पाडलेलीं भोंकें सांपडलीं नाहींत. सांपडलीं तीं पाणी चोरून विकणाऱ्यांनीं पाडलेलीं, आणि त्यांत खात्याचेच नोकर सामील. खरा शत्रु आला तो पुष्कळ पुढें. ५३७ सालीं गॉथांनीं रोमचे जलमार्ग तोडले. सेनापति बेलिसारियसनें ते शहराच्या बाजूनें चिणून टाकले, कारण आदल्याच वर्षीं तो स्वतः असल्याच एका जलमार्गांतून नेपल्समध्यें घुसला होता! पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या बंद पडल्या, तेव्हां त्यानें टायबर नदींत होड्यांवर गिरण्या बांधल्या आणि शहराला भाकर मिळत राहिली.

रोमच्या त्या पंधरा फुटांचीच गोष्ट मुंबईंत पुन्हा घडली. तानसाचें पाणी १८९२ पासून शहराला येतें. त्याच्या मोठ्या लोखंडी नळांना खेटून पुढें दाट वस्ती झाली. नळाच्या सुरक्षिततेसाठीं दोन्ही बाजूंस १० मीटर जागा मोकळी करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानें २००९ सालीं दिला. कारण रास्त होतें. पण हजारों कुटुंबें तेथून उठवून माहुल येथें तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांशेजारीं नेण्यांत आलीं, आणि तेथील हवा रहिवाशांच्या आरोग्यास घातक असल्याचें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं नोंदविलें. एकाच्या पाण्याचें रक्षण करतांना दुसऱ्याच्या हवेची पर्वा करूं नये, हा न्याय कांहीं बरा नव्हे. २०१९ सालीं न्यायालयानें अशा कुटुंबांस दुसरीकडे घर द्यावें, नाहीं तर दरमहा १५,००० रुपये भाडें द्यावें, असें सांगितलें.

या वस्त्यांपैकीं कित्येकांत मोठा नळ दाराशीं असून घरांत तोटी नव्हती, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. वस्ती बेकायदा असली तरी तिला पाणी नाकारतां येणार नाहीं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २०१४ मध्यें दिला. ज्याला सरळ मार्गानें पाणी मिळतें, त्याला नळाला भोंक पाडण्याचें कारण उरत नाहीं. आणि चोरट्या जोडाची प्रत्येक फट घाणीलाही वाट देते.

अलीकडे मुंबईनें जमिनीवरच्या नळांऐवजीं खोल बोगद्यांची वाट धरली आहे. गुंदवलीपासून भांडुपपर्यंतचा असा एक बोगदा सुमारें १५ किलोमीटर लांब आहे. कठीण खडकाच्या पोटांतून जाणाऱ्या या बोगद्यावर पहारा नको, वरचें घर हलवावयास नको. तरीही त्याला भोंक पडलें. ठाण्यांत कोणी विंधनविहीर खोदीत होतें, आणि तिचें सुळें थेट बोगद्यांत उतरलें. दुरुस्तीसाठीं ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर मुंबईच्या पाण्यांत १५ टक्के कपात करावी लागली.