रेशनचे धान्य: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सार्वजनिक वितरण व्यवस्था, म्हणजे शासनाने खरेदी केलेले धान्य रास्त भाव दुकानांमार्फत गरजू कुटुंबांपर्यंत पोहोचवणारी यंत्रणा, ‘रेशन’ या नावाने घरोघरी परिचित असली, तरी तिच्याविषयीचे काही गैरसमज अजून टिकून आहेत आणि त्यांची झळ गरिबांनाच बसते.

गैरसमज: रेशन ही सरकारची मेहेरबानी आहे.
वस्तुस्थिती: राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार पात्र व्यक्तीला धान्य मिळणे हा तिचा हक्क असून, ते न मिळाल्यास राज्य शासनाकडून अन्न सुरक्षा भत्ता, म्हणजे धान्याऐवजी रोख रक्कम, मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे.

गैरसमज: शिधापत्रिका असली की धान्य मिळतेच.
वस्तुस्थिती: धान्य दोनच गटांना मिळते: अतिगरीब अशा अंत्योदय कुटुंबांना दरमहा ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो. या लाभार्थ्यांच्या संख्येवर ‘इष्टांक’ नावाची कमाल मर्यादा असते. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे ७ कोटी असून तो २०११ च्या जनगणनेवर आधारलेला आहे. पुढची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही, त्यामुळे लोकसंख्या वाढूनही मर्यादा तीच राहिली आणि केशरी शिधापत्रिका असलेली, उत्पन्नाच्या निकषात बसणारी कुटुंबेही यादीबाहेर राहू शकतात.

गैरसमज: फुकट धान्यामुळे लोक कामधंदा सोडतात.
वस्तुस्थिती: जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत मिळते हे खरे, परंतु माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला जेमतेम १६७ ग्रॅम; तेल, भाजी, औषधे, घरभाडे आणि शिक्षण यांसाठी मजुरी करावीच लागते.

गैरसमज: गाव सोडले की रेशन बुडते.
वस्तुस्थिती: ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजना २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाल्याने, बीडहून कर्नाटकात गेलेल्या ऊसतोड कुटुंबाला आधार पडताळणीनंतर तेथील दुकानातून धान्य घेता येते, आणि गावी राहिलेल्या सदस्यांना उरलेला वाटा गावातच उचलता येतो.

रेशनला दान मानले की वगळलेल्या कुटुंबाची उपासमार हे त्याचे नशीब ठरते. हक्क मानले की ती प्रशासनाची चूक ठरते, जिची तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यापुढे राज्य अन्न आयोगाकडे करता येते. म्हणूनच इष्टांक आजच्या लोकसंख्येनुसार वाढवण्याची मागणी ही सवलतीची याचना नसून कायद्याने दिलेला शब्द पाळण्याचा आग्रह आहे.