डाव्या हाताची साक्ष

जुन्या चित्रावर चित्रकाराची सही नसली म्हणजे ते कोणाचे, हे ठरवावयाचे कसे? जाणत्या डोळ्याला ते आपोआप कळते, असे सांगून पुष्कळ लोक मोकळे होतात. हे उत्तर आम्हांस कधीच पटले नाही. डोळ्याला जे दिसले ते दुसऱ्यालाही दाखविता आले पाहिजे. पॅरिसमध्ये घडलेल्या एका प्रकरणात ते दाखविता आले, म्हणून ते वाचकांपुढे ठेवतो.

मार्च २०१६ मध्ये एक निवृत्त फ्रेंच डॉक्टर वडिलांच्या संग्रहातील १४ सुटी रेखाटने घेऊन ताजाँ या लिलावगृहात आले. त्यांतले एक जेमतेम १९ सेंटिमीटर उंच व १३ सेंटिमीटर रुंद. त्यावर लेखणीने व शाईने काढलेला, झाडाला बांधलेला एक उघडा तरुण. हा संत सेबॅस्टियन. ख्रिस्ती धर्म पाळतो म्हणून रोमन बादशहाच्या हुकमाने त्याला बांधून बाणांनी विंधले, अशी कथा आहे. विद्यापुनरुज्जीवनाच्या काळातील इटालियन चित्रकारांना हा विषय फार प्रिय. उघड्या मानवी देहाचा अभ्यास देवळासाठी म्हणून करावयास मिळावा, असे विषय थोडेच!

लिलावगृहाचे तादे प्रात यांना चित्र सोळाव्या शतकातले व लक्ष देण्याजोगे वाटले, एवढेच. त्यांनी ते पात्रिक द बेझेर या रेखाटनांच्या व्यापाऱ्यास दाखविले. बेझेर यांची नजर गेली ती छाया दाखविण्यासाठी ओढलेल्या बारीक तिरक्या रेघांवर.

येथे वाचकांनी हाती लेखणी घेऊन एक प्रयोग अवश्य करावा. उजव्या हाताने भराभर तिरक्या रेघा ओढाव्यात. त्यांचे वरचे टोक उजवीकडे व खालचे डावीकडे येईल. मनगटाची ठेवणच तशी. डावखुऱ्याच्या रेघा नेमक्या उलट, वर डावीकडून खाली उजवीकडे उतरतात. सही खोटी करता येते, नाव मागाहून कोणीही लिहितो. पण छाया भरताना स्वतःच्या मनगटाकडे कोण पाहतो? या चित्रातल्या रेघा डावखुऱ्याच्या होत्या, आणि लिओनार्दो दा व्हिंची डावखुरा होता हे तर सर्वश्रुत आहे.

परंतु जगात एकटा लिओनार्दोच डावखुरा नव्हता, आणि हिकमती नकलाकार रेघांचा कल मुद्दाम उलटवूही शकेल. एकाच साक्षीवर निकाल देणारा न्यायाधीश आम्ही तरी शहाणा म्हणणार नाही. पण कागदाच्या पाठीवर आणखी साक्ष होती. तेथे मेणबत्तीच्या उजेडाविषयीच्या दोन छोट्या आकृत्या होत्या आणि शेजारी उजवीकडून डावीकडे लिहिलेली, आरशात धरून वाचावी अशी टिपणे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील कार्मेन बाम्बाक यांनी रेखाटन लिओनार्दोचेच असल्याचा निर्वाळा दिला व त्याचा काळ १४८२ ते १४८५ असा ठरविला.

आम्हांस मात्र सर्वांत बोलका वाटतो तो तिसराच पुरावा. या चित्रात चित्रकाराने आपला बेत वारंवार बदलला आहे. एक रेघ पटली नाही म्हणून तिच्यावर दुसरी चढविली आहे. नकलाकाराला कोणता अवयव कोठे यावयाचा हे आधीच ठाऊक असते. त्यामुळे त्याची रेघ स्वच्छ उतरते, आणि बहुधा निर्जीवही. येथे देह कसा वळावा याचा शोध कागदावरच चालू आहे, आणि तो पाहताना पाचशे वर्षांचे अंतर काही क्षण आम्हांस जाणवतच नाही.

कागदाची किंमत १.५ कोटी युरो आकारली गेली. फ्रेंच सरकारने त्यास राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर नेण्यास मनाई केली. नाव कळण्यापूर्वी व कळल्यानंतर चित्रातली एक रेघही बदलली नव्हती, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.

लिओनार्दोच्या कागदपत्रांत त्याच्या कामांची एक यादी आहे. तीत ८ संत सेबॅस्टियनांची नोंद आढळते. हाम्बुर्गच्या संग्रहालयात एक आहे, हे एक पॅरिसला निघाले. आठांचा हिशेब अजून पुरा व्हावयाचा आहे.